हातपाय चालतात तोवर

सकाळी आसनगाव, आटगाव, खर्डी या स्टेशनांच्या फलाटांवर पाय ठेवायला जागा नसते. कसाऱ्याहून निघालेली लोकल शहापूर तालुक्यातली कमावती माणसं एकेका स्टेशनातून उचलत कल्याणकडे जाते. जी गाडीत नसतात ती दुचाकीवर भिवंडीच्या गोदामांकडे नाहीतर जवळच्या कारखान्यांत गेलेली असतात. मुरबाडला रेल्वेच नाही. तिथे हेच काम कल्याणची एसटी, वडापच्या जीपा आणि एमआयडीसीच्या पाळ्या करतात. पोरं शाळेत गेली की दिवेलागणीपर्यंत गावात उरतात ती बहुतेक साठीपुढची माणसं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या म्हाताऱ्यांपेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. तिथला मुलगा मुंबईला गेला की गणपती-शिमग्यालाच घरी दिसतो, आणि बंद घरांच्या वाडीत दोन म्हातारी माणसं एकमेकांना धरून राहतात. शहापूर-मुरबाडचा मुलगा रोज जातो आणि रोज परत येतो. रात्री ताटं एकत्र मांडली जातात. म्हणून इथल्या म्हातारपणाबद्दल लिहायचं तर एकटेपणापासून सुरुवात करून चालत नाही. दिवसभर घर, नातवंडं, गुरं, शेत आणि पाणी कुणी सांभाळायचं, इथून ते सुरू होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यातल्या पाचांवर शहराची सावली दाट आहे. शहापूर आणि मुरबाड हे दोन मात्र अजून भातशेती, जंगल आणि पाडे यांच्या हिशोबानं चालतात.

चांगलं म्हातारपण म्हणजे काय, हा प्रश्न अभ्यासकांनी बराच घोळवला आहे. जॉन रो आणि रॉबर्ट कान या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेहमीसारखं म्हातारं होणं आणि यशस्वीपणे म्हातारं होणं यांत फरक केला. दहा वर्षांनी त्यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: रोग आणि अपंगत्व कमी, शरीर-बुद्धीची क्षमता चांगली, आणि जगण्यात सक्रिय सहभाग. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये सक्रिय वार्धक्याचा आराखडा मांडला. २०१५ च्या अहवालात तिनं रोगांची यादी बाजूला ठेवली आणि आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी माणसाला करता येतात की नाही, हे पाहायला सांगितलं. २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचं म्हणून जाहीर झालेलं आहे.

ही मोजपट्टी घेऊन मुरबाडच्या एखाद्या ठाकूरवाडीत गेलं की गंमत होते. सक्रिय सहभागात इथली सत्तरीची बाई पैकीच्या पैकी गुण मिळवते. ती पहाटे उठते, चूल पेटवते, शेळ्या सोडते, सरपण आणते, नातू खेळवते आणि लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून आवणही लावते. शहरात ज्येष्ठांना हालचाल करा म्हणून सांगावं लागतं. इथे त्यांना बसा म्हणून सांगणारं कुणी नसतं. तेव्हा हालचाल आहे की नाही या प्रश्नानं इथे काहीच कळत नाही. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: अंगावरचं काम नको वाटेल त्या दिवशी खाली ठेवता येतं का? ज्या म्हाताऱ्या माणसाला ते ठेवता येतं, त्याचं बरं चाललं आहे.

आधी आवडीच्या कामाकडे बघू. जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस पडले की रानात शेवळं उगवतात. जमिनीतून थेट वर आलेला, जांभळट-तपकिरी आवरणातला हा कोंब कल्याण-ठाण्याच्या बाजारात जुडीनं विकला जातो, आणि कायस्थांच्या घरांत सोडे घालून केलेल्या शेवळांची वाट वर्षभर पाहिली जाते. जुडीबरोबर हिरवी, आवळ्याएवढी काकडं मिळतात. ती नसतील तर भाजी घेऊ नये, कारण शेवळं घशाला खाजतात. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, आणि काकडाच्या आंबट रसानं ती खाज मरते. वरचं पान सोलायचं, देठाजवळचा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं, मग काकडाचा रस. यातली एक पायरी चुकली की घरभर घसे धरून बसलेली माणसं दिसतात.

कडूकंदाचं प्रकरण याहून अवघड. त्याच्या चकत्या करून राख घालून उकडायच्या आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो पोटात घालण्याजोगा होतो. कोणता कंद, कुठल्या ओढ्याला, किती वेळ, हे कागदावर फारसं कुठे नाही. ते साठी-सत्तरीच्या बायकांच्या डोक्यात आणि बोटांत आहे. टाकळा आणि कुरडू कोवळे असताना कधी खुडायचे, भारंगीचं पाणी का टाकायचं, करटोल्याचा वेल कोणत्या बांधावर दरवर्षी येतो, सगळं तसंच. मुरबाडमध्ये सामाजिक संस्था पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरवतात. तिथे टेबलामागे या म्हाताऱ्या उभ्या असतात आणि समोर वही घेतलेली शहरी माणसं. घरी सुनेला तीच भाजी नको असते, मोबाइलवर पाहिलेला पुलाव करायचा असतो, हा भाग महोत्सवात दिसत नाही.

जाणत्या म्हाताऱ्या पुरुषाची अशी जागा म्हणजे म्हसा. पौष पौर्णिमेपासून भरणारी म्हशाची जत्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. बैल घ्यायला निघालेला तरुण बरोबर एखादा जुना माणूस घेतो. म्हातारा बैलाचा जबडा उघडून दात मोजतो. आदत आहे की दोन दाती, चार दाती की जुळलेला, यावर वय आणि किंमत ठरते. मग भोवरे पाहतो, खूर पाहतो, दहा पावलं चालवून मागचा पाय कसा पडतो ते पाहतो. सौदा त्यानं मान हलवल्याशिवाय होत नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो गुडघ्याचं नाव काढत नाही. मात्र पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आल्यापासून दावणीचे बैल कमी होत चालले आहेत, आणि त्याबरोबर ही मानाची जागाही आकसते आहे. टिलरचे दात मोजायला म्हातारा लागत नाही.

म्हाताऱ्यांच्या आठवणीला सरकारी कागदावर किंमत मिळाल्याचं एक उदाहरण आहे, आणि ते याच पट्ट्यातल्या ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी घरांच्या जिव्हाळ्याचं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क सांगायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या पावत्या न मिळालेल्या माणसानं पुरावा आणायचा कुठून? नियमांनी त्यात एक प्रकार मान्य केला: दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब. अमुक नाल्याच्या वरच्या अंगाला अमुकाचा आजा नाचणी-वरी करायचा, तिथला आंबा त्यानं लावला, हे म्हातारीनं ग्रामसभेत सांगायचं आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. ज्या बाईला आयुष्यभर अंगठा पुढे करायला सांगितलं गेलं, तिच्या बोलण्यावर एका घराची जमीन अवलंबून राहते. वृद्धांच्या सन्मानावर होणाऱ्या भाषणांपेक्षा मला हा एक नियम मोठा वाटतो.

आता खाली ठेवता न येणारी कामं. तानसा, भातसा, मध्य वैतरणा, मोडकसागर हे मुंबईला पाणी पुरवणारे तलाव शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या शिवेवर आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतो. टँकर आला की विहिरीत पाणी ओतलं जातं आणि सगळी गर्दी त्या विहिरीवर. सून कामावर, नात शाळेत, मग कळशी म्हातारीच्या डोक्यावर. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, सत्तरीतही किती काटक. पण दोन कळश्या घेऊन चढ चढणाऱ्या बाईचे गुडघे व्यायामशाळेतल्या वजनानं झिजत नाहीत, पाण्यानं झिजतात, आणि आज नको म्हणायची सोय तिला नसते. व्यायामाचे फायदे सांगणारी पुस्तकं ज्या व्यायामाबद्दल बोलतात तो माणसानं आपण होऊन निवडलेला असतो, हे आपण विसरतो.

कातकरी वाड्यांवर हे आणखी टोकाला जातं. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडी-कल्याणच्या बाजूला, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हाताऱ्यांपुढे दोनच वाटा. बरोबर जायचं आणि भट्टीच्या झोपडीत पोरं सांभाळायची, नाहीतर वाडीवर मागे राहायचं. मागे राहिलेल्याला रेशनचं धान्य मिळतं, पण दळण आणायला, पाणी भरायला आणि ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायला माणूस नसतं. पट्ट्यातलं सगळ्यात अवघड म्हातारपण या वाड्यांवर आहे आणि त्याचा बोलबाला सगळ्यात कमी आहे.

याच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावानं मात्र देशभरात नाव कमावलं, तेही म्हाताऱ्यांमुळे. २०१६ च्या फेब्रुवारीत शिवजयंतीच्या वेळी गावात बायकांचं पोथीवाचन चालू होतं. आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं काही वयस्क बायकांच्या तोंडून निघालं, आणि ते जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानावर पडलं. पुढच्याच महिन्यात, ८ मार्चला, महिलादिनी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं फळा, पाट्या, दप्तरं दिली. गणवेश ठरला गुलाबी नऊवारी. वयाची साठी ते नव्वदी गाठलेल्या पंचवीस-तीस आज्या पाटी-दप्तर घेऊन दुपारी दोन ते चार बसू लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून, जिची सासू समोर विद्यार्थिनी म्हणून बसायची.

गुलाबी नऊवारीचे फोटो जगभर गेले. पण त्या फोटोंत न मावणाऱ्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली वेळेची. दोन ते चार हा गावातला एकुलता एक रिकामा कोपरा. सकाळची भाकरी आणि भांडी झालेली, संध्याकाळची गुरं अजून यायची. शाळा दहाला भरवली असती तर एकही आजी आली नसती. दुसरी गोष्ट वयाची. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं लक्ष्य होतं १५ ते ३५ वर्षांची माणसं. २०१६ मध्ये सत्तरीची असलेली आजी तेव्हा बेचाळिशीची होती. म्हणजे लहानपणी तिला शाळेत घातलं नाही आणि प्रौढशिक्षण आलं तेव्हा ती त्याच्या हिशोबातून सात वर्षांनी बाहेर पडलेली. सरकारच्या दृष्टीनं तिला शिकवून उपयोग काय, हा प्रश्न होता.

आणि शाळेचं मर्म त्यातच आहे. या बायकांच्या दिवसातली दुसरी प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी उपयोगाची होती. शेळी, सरपण, नातू, चूल. 'अ' गिरवण्याचा घराला काडीचा उपयोग नव्हता. ते फक्त तिच्यासाठी होतं, आणि कंटाळा आला तर पाटी खाली ठेवता येत होती. बँकेत अंगठ्याऐवजी सही करता आली, एसटीची पाटी ओळखता आली, हे पुढचे फायदे खरेच. तरी डोळ्यांना कमी दिसत असताना, कानांना कमी ऐकू येत असताना, काल शिकलेलं आज विसरत असतानाही त्या येत राहिल्या, त्याचं कारण सहीत नसावं. दुपारचे दोन तास समवयस्क बायका, हसणं, चुकल्यावर एकमेकींना टोमणे. सुनेच्या हाताखाली सासूनं विद्यार्थिनी व्हायचं, हा उलटा खेळ तर कुठल्याही घरात औषधासारखा आहे.

थायलंडला हे सगळं ओळखीचं वाटेल. तो देश आपल्यापेक्षा कितीतरी वेगानं म्हातारा होतो आहे आणि त्यानं या बाबतीत बरंच काही पद्धतशीर बांधलं आहे. तिथेही खेड्याखेड्यांत ज्येष्ठांच्या शाळा आहेत. ठरलेल्या दिवशी एकत्र येऊन आरोग्य, कायदा, हस्तकला, मोबाइल असं काहीबाही शिकायचं, गाणी म्हणायची, एकत्र जेवायचं. अनेक ठिकाणी गणवेशही असतो. १३ एप्रिल, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा सोंगक्रानचा सण, हाच तिथला राष्ट्रीय वृद्ध दिन. त्या दिवशी लहानांनी वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घ्यायचा. थाई म्हाताऱ्यांना चांगलं म्हातारपण म्हणजे काय असं विचारणाऱ्या अभ्यासकांना जी उत्तरं मिळतात, ती शहापूरच्या पारावरही मिळाली असती. स्वतःचं स्वतः करता यावं, मुलांना जड होऊ नये, मुलं जवळ असावीत, देवळात जाता यावं, आणि जे आलं ते मनानं स्वीकारता यावं. रो-कान यांच्या यादीत रोगमुक्ती पहिली. या दोन्हीकडच्या माणसांना संधिवात आणि रक्तदाब असूनही आपलं बरं चाललं आहे असं म्हणता येतं. आपल्याकडे संध्याकाळी हरिपाठाला बसलेल्या वारकऱ्यांच्या रांगेत निरोगी माणूस शोधून सापडायचा नाही, पण टाळ कुणाचा चुकत नाही.

मात्र थायलंडकडे आपल्याकडे नसलेली एक गोष्ट आहे. २००९ पासून सरकारी निवृत्तिवेतन नसलेल्या साठीपुढच्या जवळपास सगळ्यांना महिना भत्ता मिळू लागला. पुढे त्याचे दर झाले साठीत ६०० बाट, सत्तरीत ७००, ऐंशीत ८००, नव्वदीपुढे १०००. साठीतली रक्कम म्हणजे साधारण दीड हजार रुपये. रक्कम काही डोळे दिपवणारी नाही. शिवाय सुमारे सात कोटींच्या त्या देशात दहा लाखांच्या आसपास ग्राम आरोग्य स्वयंसेवक आहेत. साधारण तेवढ्याच आशा कार्यकर्त्या आपण अख्ख्या भारतासाठी नेमल्या, आणि त्यांची मूळ कामं बाळंतपण आणि लसीकरणाची.

महाराष्ट्रानं काही केलं नाही असं नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. मुरबाडसारख्या रेल्वे नसलेल्या तालुक्यात याचा परिणाम मोठा. लेकीच्या गावी जायला, ग्रामीण रुग्णालयात डोळे दाखवायला, आठवडे बाजाराला जायला मुलाकडे पैसे मागावे लागत नाहीत. लेक सासरी कशी आहे हे म्हातारी स्वतः जाऊन बघून येते. खुंटीला अडकवलेल्या पिशवीत आधारकार्ड असलं की झालं.

हातात स्वतःचं काही असलं की मुलाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि जमिनीचंही असंच. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, त्याचा इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि आसपास फार्महाऊसवाल्यांनी भाव वाढवून ठेवले आहेत. ज्या म्हाताऱ्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला घरात विचारून सगळं होतं. सही करून दिली की विचारणं कमी होतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त स्वतःच्या घराबद्दल कुणाला पटत नाही. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्यात शब्दांत लिहून घ्यावी.

राहिली पेन्शन. काम खाली ठेवण्याची मुभा शेवटी तिच्यातूनच येते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत पासष्टीपुढच्या गरजू माणसाला जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. त्यात केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून वाढलेला नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. महिना १,७५० रुपयांत घर चालवणारं कुटुंब आज कुठल्या पाड्यावर आहे? मुलगा भिवंडीच्या गोदामात लागला की म्हातारीचा हक्क कागदावर संपतो, मग तो तिच्या हातात पैसे ठेवो न ठेवो. ही मर्यादा काढून थायलंडसारखी सरसकट पेन्शन दिल्याशिवाय चांगल्या म्हातारपणावर बोलणं अर्धवट आहे.

तोवर जे आहे ते तरी पदरात पडावं. तुमच्या घरात, शेजारी किंवा ओळखीच्या वाडीवर पासष्टी ओलांडलेलं आणि पेन्शन न मिळणारं माणूस असेल, तर त्याचा वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक घेऊन शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत त्याच्याबरोबर जा. एकट्यानं गेलेला म्हातारा बहुतेक वेळा एखादा कागद कमी म्हणून परत येतो.